असोद्याच्या ओट्यावर फुटलेला इंग्लिश बँड

मी आयुष्यात एकच व्याख्यान दिलं, आणि त्यातलाही शेवटचा अर्धा भाग खोटा होता. आधीच सांगून टाकतो, नंतर कोणी म्हणायला नको की ह्या माणसाने फसवलं. विषय, एका इंग्लिश रॉक बँडचा इतिहास. गाव धुळं. श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे. आणि वक्ता कोण, तर सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा मी.

त्याचं असं झालं, की वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्या दिवशी 'तणावमुक्त जीवन' ह्या विषयावर बोलायला येणाऱ्या गृहस्थांचं ब्लडप्रेशर सकाळीच वाढलं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. वाचनालयाचे अध्यक्ष नाना, निवृत्त हेडमास्तर, दुपारी बारा वाजता घाम पुसत माझ्या टेबलापाशी आले.

"भाऊ, तुम्ही त्या इंग्लिश गाणाऱ्यांवर काहीतरी लिहिता म्हणे?"

लिहितो. अख्ख्या कचेरीला माहीत आहे. रद्द झालेल्या फॉर्मांच्या कोऱ्या पाठी असतात, त्यांच्यावर मी गेली अकरा वर्षं एका इंग्लिश बँडचा इतिहास मराठीत लिहितोय. चारशेच्या वर पानं झाली आहेत. बायको त्याला 'तुमचं ते बाड' म्हणते आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघते. ह्याचा उपयोग काय, असं कोणी विचारलं की माझं डोकं सणकतं. चाळीस वर्षांपूर्वीच्या कसोटी सामन्यात कोणी किती धावा काढल्या हे पाठ असणारी माणसं आमच्या कचेरीत पैशाला पासरी आहेत. त्यांना कोणी उपयोग विचारत नाही.

तरीपण मी नानांना नाही म्हणणार होतो. स्टेजवर उभं राहायचं म्हटलं की मला घरची राहिलेली कामं आठवायला लागतात. पण नाना म्हणाले, "काही अवघड नाही हो. साडेसहाला सुरुवात, आठला आभारप्रदर्शन. ते आमचे चिटणीस करतात, दर वर्षी तेच करतात."

मी म्हणालो, "येतो."

नाना इतके खूश झाले की माझ्या टेबलावरचं पाणी पिऊन गेले. त्यांना काय माहीत, की त्यांचे चिटणीस आणि मी अठ्ठावीस वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही.

हा चिटणीस माझा कॉलेजचा मित्र. मित्र हा शब्द थोडा पडेल इतका मित्र. तो जळगावला लागून असलेल्या असोद्याचा, मी जळगावचा. चार वर्षांपूर्वी तो इथल्या एका कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला, हे मला कळलं तेव्हापासून धुळं मला लहान पडायला लागलं. एकदा तो भाजीची पिशवी घेऊन समोरून येताना दिसला, तर मी बाजूच्या औषधाच्या दुकानात शिरलो आणि खोकला नसताना खोकल्याचं औषध घेऊन बाहेर आलो. तो वाचनालयाचा चिटणीस झाल्यावर मी वाचनालय सोडलं. त्या रस्त्यावरून जायचं झालं तरी पलीकडच्या बाजूने जायचो.

मग आताच हो का म्हणालो? कारण सरळ आहे. माणूस तुमच्यावर कितीही चिडलेला असो, तो चिटणीस असेल आणि तुम्ही वक्ते असाल, तर आठ वाजता त्याला माईकसमोर उभं राहून तुमच्याबद्दल दोन शब्द बोलावेच लागतात. त्यातून सुटका नाही. महाराष्ट्रात कार्यक्रम आभाराशिवाय संपत नसतो. तो काय बोलेल ते मला ठाऊक नव्हतं. पण बोलेल, आणि मला ऐकायला मिळेल. मला तेवढंच पाहिजे होतं.

आमचं बिनसलं ते ह्याच बँडवरून. त्याच्या एका चुलतभावाने मुंबईच्या फुटपाथवरून एक कॅसेट आणली होती. भावाला ती आवडली नाही, म्हणून ती असोद्याला आली. आम्ही दोघांनी ती पहिल्यांदा ऐकली आणि मग दोन महिने दुसरं काही ऐकलंच नाही. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणीच्या गावातली ती पोरं. मोठ्या कंपनीच्या दारात न जाता, एका रेकॉर्डवाल्या दुकानदाराच्या भरवशावर स्वतःची गाणी काढणारी. असल्या बँडला इंडी म्हणतात, हे आम्हाला फार पुढे कळलं. त्यांच्यातला एक शब्द लिहायचा आणि गायचा, दुसरा गिटारवर चाली लावायचा. बाकीचे दोघे येऊन-जाऊन असत. आम्ही लगेच ठरवलं, आपणही बँड काढायचा. मित्राकडे पाच तारांची एक जुनी गिटार होती, म्हणून तो गिटारवाला. माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी गाणारा.

त्या इंग्लिश बँडबद्दल आम्ही कॉलेजात इतक्या बढाया मारल्या, की शेवटी आठ-नऊ जण म्हणाले, एकदा ऐकवा तरी. एका दुपारी सगळी वरात असोद्याला नेली. मित्राच्या घराच्या ओट्यावर टेप ठेवला. आत त्याची आई चहा करत होती. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची, मीही आक्काच म्हणायचो, आणि ती मला लांबड्या म्हणायची. मी मोठं भाषण ठोकलं, की मंडळी, आता जे ऐकाल ते जळगाव जिल्ह्यात कोणी ऐकलेलं नाही. आणि बटण दाबलं.

दोन सेकंद गिटार वाजली. मग खट्ट झालं, आणि आक्काचा आवाज आला. मागे गल्लीतल्या बायका, टाळ्या, आणि मधून एक शेळी.

झालं असं होतं, की चार दिवसांपूर्वी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवी, बसल्या होत्या. रात्रभर बायकांची गाणी झाली. आक्काची बहीण सुरतेला दिलेली. तिला त्या वर्षी सणाला येता आलं नव्हतं, म्हणून आक्काने तिला पाठवायला गाणी भरून घेतली. फळीवर एक कॅसेट दिसली, ती घेतली. विकतच्या कॅसेटवर कोणी काही भरू नये म्हणून वरच्या बाजूला दोन खाचा असतात. त्या कागदाचे बोळे घालून बुजवल्या की भरता येतं. ही युक्ती तिला तिच्याच मुलाने शिकवली होती.

पोरं हसायला लागली. एकाने शेळीचा आवाज काढला. मी इतका संतापलो की समोर कोण आहे, घर कोणाचं आहे, काही भान राहिलं नाही. "कॅसेटभर नुसतं रेकून ठेवलंय!" असं मी ओरडलो. वळून बघतो तर आक्का दारात उभी. हातात ताट, ताटात दहा कप.

आक्काने ताट ओट्यावर ठेवलं आणि ती आत गेली. मित्राने टेपमधून कॅसेट काढली, माझ्या पिशवीत टाकली, आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. मी बस पकडून जळगावला आलो. दुसऱ्या दिवशी कॉलेजात तो दिसला, मी हात वर केला, त्याने मान फिरवली. ती फिरली ती फिरलीच. मी माफी मागायला जाणार होतो. पहिल्या आठवड्यात लाज वाटली, पहिल्या महिन्यात राग आला, आणि वर्ष झाल्यावर काय तोंडाने जायचं हाच प्रश्न उरला.

तर त्या संध्याकाळी साडेसहाला मी स्टेजवर. मध्ये नाना, उजवीकडे मी, डावीकडे अगदी टोकाच्या खुर्चीवर तो. केस पांढरे झालेत, पोट सुटलंय. माझंही सुटलंय. त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. हातात एक कागद होता, त्यावर डोळे. समोर पन्नास-साठ माणसं. बहुतेकांना वाटत होतं की तणावमुक्त जीवनावरच व्याख्यान आहे, कारण बाहेरचा फळा कोणी पुसलाच नव्हता.

सुरुवात बरी झाली. गिरणीचं गाव म्हटल्यावर पहिल्या रांगेतले एक आबा पुढे सरकले. पांढरी टोपी, हातात काठी, धुळ्याजवळच्याच एका खेड्यातले. रोज पहिल्या रांगेत बसायचे आणि वक्त्याला मध्येच अडवायचे, हे मला नंतर कळलं.

"गिरणीमा कापूस कोठला जाये?" आबांनी अहिराणीत विचारलं.

जगभरचा जायचा, मी म्हणालो, आपल्याकडचाही गेला असेल. झालं! सभागृहात एकदम आपलेपणा आला. त्या बँडमध्ये आपलाही काहीतरी वाटा आहे, असं लोकांना वाटायला लागलं. नानांनी तर मान डोलावून, "खान्देशचा कापूस," असं दोनदा म्हटलं. मी मग मोकळा सुटलो. पहिली रेकॉर्ड सांगितली. घराच्या मागच्या खोलीत कशी तालीम व्हायची ते सांगितलं. ढोल वाजवणारे कसे टिकत नसत, एक लग्न करून गेला, एक नोकरी करून गेला, सगळं सांगितलं. दुसऱ्या रांगेतल्या एक निवृत्त बाई चक्क वहीत लिहून घेत होत्या.

आणि मग बँड फुटण्यापाशी आलो.

तो बँड खरा का फुटला, ते माझ्या बाडात पान तीनशे बारावर आहे. कराराचे वाद, वकिलांच्या नोटिसा, गिटारवाला एक दिवस स्टुडिओत आलाच नाही. अत्यंत कंटाळवाणं प्रकरण. मला तोंडपाठ आहे. मी तोंड उघडलं, आणि उघडताना माझी नजर डावीकडच्या टोकाच्या खुर्चीवर गेली. तो अजून त्या कागदातच बघत होता. पाऊण तास झाला तरी एका कागदात काय बघायचं असतं? मला राग आला. आणि रागात माझ्या जिभेला हाड राहत नाही, हे अठ्ठावीस वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे.

"एक दिवस," मी म्हणालो, "गिटारवाल्याच्या आईने त्यांच्या कॅसेटवर देवीची गाणी भरली."

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. वहीवाल्या बाईंनी हात वर केला.

"त्यांच्याकडे देवी असते?"

"गावची असते," मी म्हणालो. "श्रावणात बसते."

"इंग्लंडमध्ये श्रावण?"

"त्या सुमाराला," मी म्हणालो. बाईंनी लिहून घेतलं.

आता थांबणं शक्य नव्हतं. मी ओटा सांगितला, टेप सांगितला, शेळी सांगितली. इंग्लंडात ओटे कुठून आले असं कोणी विचारायच्या आत पुढे गेलो. गाणारा काय बोलला ते शब्दन् शब्द सांगितलं. आई दारात उभी होती. तिच्या हातात चहाचं ताट होतं. तिने ते खाली ठेवलं आणि आत गेली. "त्या दिवशी बँड फुटला," मी म्हणालो, आणि माझा आवाजही फुटला. मी पाणी प्यायलो.

मग आबांची काठी जमिनीवर आपटली.

"बठ्ठं ऐकी लिधं भाऊ. आते एक सांग. त्या गाणारानी त्या मायनी माफी मांगी का नही?"

"नाही, आबा."

"काबर?"

"लाज वाटली त्याला."

"कितला वरीस व्हयनात?"

"अठ्ठावीस."

"मंग तो गाणारा नही," आबा मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "गधडा शे!"

सगळे हसले. मग जे सुरू झालं त्याला प्रश्नोत्तरं म्हणता येणार नाही, ती पंचायत होती. एक जण म्हणाले, मध्ये कोणी वडीलधारं नव्हतं का समजूत घालायला? दुसरे म्हणाले, तिकडे भाऊबंद मध्ये पडत नाहीत, हाच तर त्यांचा घोळ. वहीवाल्या बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आईच्या गाण्याला असं बोलणाऱ्या माणसाची गाणी कशी का असेनात, मी तर ऐकणार नाही. टाळ्या पडल्या. गिटारवाल्याचं काहीच चुकलं नाही, सगळी चूक गाणाऱ्याची, असा निकाल एकमताने लागला. मी माईकपाशी उभा राहून माझ्याविरुद्धचा निकाल ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला हलकं वाटत होतं. अठ्ठावीस वर्षांत कोणी मला तोंडावर गधडा म्हणालं नव्हतं. म्हणायला पाहिजे होतं.

आठ वाजले. नाना म्हणाले, "आता चिटणीस आभार मानतील."

तो उठला. त्याने कागदावरून वाचायला सुरुवात केली. अध्यक्षांचे आभार. खुर्च्या देणाऱ्यांचे आभार. माईकवाल्याचे, चहावाल्याचे, बातमी छापणाऱ्या पत्रकारांचे, उकाड्यात आलेल्या श्रोत्यांचे आभार. एकेकाचे आभार मानून होत होते आणि मी खाली चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. मग त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

"वक्त्यांचा विषय थोडासा माझ्याही माहितीचा आहे," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलेल्या इतिहासात एक चूक आहे."

आता हा सांगणार. वकील, करार, सगळं बाहेर काढणार, आणि पन्नास-साठ माणसांसमोर मी खोटारडा ठरणार. ठरू दे, मी मनात म्हटलं. हक्क आहे त्याचा.

"टेप सुरू झाल्यावर गाणारा ओरडला, हे खरं," तो म्हणाला. "पण त्याच्या आधी गिटारवाला हसला होता. स्वतःच्या आईच्या आवाजाला. सगळ्यांच्या आधी तोच हसला, म्हणून बाकीचे हसले. आई दाराआड उभी होती. तिने ते ऐकलं. गाणाऱ्याला त्याने घराबाहेर काढलं, कारण स्वतःला कसं काढणार?" त्याने माईक सरळ केला. "पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती व्हावी."

आणि खाली बसला. माझे आभार न मानता.

नाना गोंधळले. वहीवाल्या बाईंनी आधीचं खोडून नवीन लिहिलं. आबा काठीवर हनुवटी टेकून सगळं ऐकत होते.

"मंग दोन्ही गधडा शेतस," ते म्हणाले, आणि उठून चहाकडे गेले.

सभागृह रिकामं झालं. मी स्टेजवरच बसून राहिलो. तो आला. हातात मला द्यायचं राहिलेलं श्रीफळ होतं. ते त्याने माझ्या मांडीवर ठेवलं आणि नानांच्या खुर्चीत बसला.

"तू हसलास ते मला माहीतच नव्हतं," मी म्हणालो.

"तू ओरडत होतास. तुला कुठून ऐकू येणार?" मग म्हणाला, "वकिलांचं सगळं प्रकरण गाळलंस."

"पान तीनशे बारावर आहे."

"आणि ड्रमर चार होते. तू तीन सांगितलेस."

"तीनच होते! चौथा फक्त दौऱ्यापुरता."

"दौऱ्यापुरता काय? दुसऱ्या रेकॉर्डवर दोन गाणी आहेत त्याची!"

"एक!"

चहावाला कप न्यायला आला होता, तो आमच्याकडे बघतच राहिला. आम्ही पाच-सात मिनिटं असे भांडलो, की आवाज रस्त्यावर गेला असेल. शेवटी दोघांनाही दम लागला. पन्नाशीत भांडायलाही फुप्फुसं लागतात.

"आक्का कशी आहे?" मी विचारलं. हे विचारायला मला अठ्ठावीस वर्षं आणि एक व्याख्यान लागलं.

"माझ्याकडेच असते आता. कानबाईची गाणी अजून म्हणते, शेजारच्यांना झोपू देत नाही. त्या दिवशीचं विचारलं तर म्हणते, मेल्यांनी दहा कप चहा वाया घालवला."

"आणि मी बोललो ते?"

"ते ती काढत नाही, मीही काढत नाही. तुझ्याबद्दल विचारते मात्र. तो लांबड्या काहाले येत नही रे, म्हणते. आधी मी सांगायचो, परीक्षा आहे. मग म्हणालो, नोकरी लागली. मग म्हटलं बदली झाली, लांब, गडचिरोलीकडे. एक बदली संपली की दुसरी सांगायची. सगळा महाराष्ट्र फिरवलाय मी तुला."

मला रडू आलं. उसनं आणलेलं अवसान सगळं गेलं आणि मी नारळ पोटाशी धरून पोरासारखा रडलो. त्याने खिशातला आभाराचा कागद काढून माझ्यापुढे धरला. मी त्यालाच नाक पुसलं.

"मग आता," तो म्हणाला, "घरी जाऊन काय सांगू तिला?"

"सांग," मी म्हणालो, "बदली रद्द झाली."